चिंचखेडची अर्धी पोथी

माझ्या हातून वऱ्हाडच्या पोटात जेवढं कुनैन गेलंय, तेवढ्यात तेल्हारा तालुक्यातल्या सगळ्या विहिरी कडू झाल्या असत्या. जन्मभर कंपाउंडरकी केली. कंपाउंडर म्हणजे डॉक्टरच्या मागं उभं राहून बाटली हलवणारा माणूस, असा लोकांचा समज आहे. असो बापडा. पण बाटली हलवणं हीसुद्धा विद्या आहे. न हलवता दिलेल्या मिक्श्चरचा पहिला डोस नुसतं पाणी असतो आणि शेवटचा निव्वळ जहर, हे कोणाला सांगायचं?

त्या काळी रोग्यानं बाटली घरून आणायची. आम्ही औषध भरून तिला खळीनं कागदाची पट्टी चिकटवायची आणि पट्टीला कात्रीनं दात पाडायचे. एक दात म्हणजे एक डोस. सकाळी एक, संध्याकाळी एक. हे मी दिवसभर घसा फोडून सांगत असे. तरी हिवरखेडच्या एका शहाण्यानं बाटली तशीच ठेवली आणि पट्टीच एकेक दात तोडून चावून खाल्ली. चौथ्या दिवशी हसत हसत आला. म्हणाला, “माराज, कागद लागू पडला. आता या लाल पान्याचं काय करू?” ताप खरंच उतरला होता हो! मी हात टेकले.

हा दवाखाना मिशनचा. हिवरखेडच्या अलीकडं तीन कोसांवर चिंचखेड नावाचं गाव, तिथं तीन खोल्या आणि लांब पडवी. राज्य नागपूरहून मध्यप्रांत-वऱ्हाडचं चालायचं, पण चिंचखेडला ते पावसाळ्यात पोचत नसे. काळ्या मातीत गाडीची चाकं रुतली की चार महिने गाव जगापासून तुटायचं. त्या चार महिन्यांत हिवताप आणि मिससाहेब, दोघंच काय ते गावात मुक्कामाला असत.

मी अमरावतीचा. अंबादेवीच्या मागं आमचं घर, वडील उपाध्ये. मी मॅट्रिकला दोनदा आपटलो आणि कंपाउंडरकी शिकून मिशनच्या नोकरीला लागलो, तेव्हा वडिलांनी तीन दिवस माझ्याशी भाषण केलं नाही. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाले, “औषध दे. रोग्याला जात नसते. पण स्वयंपाक हातानं कर.” मी तेच केलं. म्हणून चिंचखेडला माझं नाव पडलं कंपाउंडरमाराज.

मिससाहेब म्हणजे दवाखाना चालवणाऱ्या मिशनच्या गोऱ्या बाई, चाळिशीच्या. उंच, उन्हानं टोमॅटोसारख्या लाल झालेल्या, डोक्यावर पिठाच्या टोपल्याएवढी टोपी. गावाची मड्डमबाई. मराठी त्या पुण्याच्या कुठल्याशा शास्त्र्याकडून शिकून आल्या होत्या. एखादा कुणबी पोट धरून आला की त्या विचारायच्या, “हे गृहस्था, आपल्या उदरात वेदना केव्हापासून उद्भवली?” तो बिचारा माझ्याकडं बघायचा. “काय म्हन्ते बाई?” मी सांगायचा, “पोट कवापासून दुखते म्हन्ते.” मराठीचं मराठीत भाषांतर करून पोट भरणारा दुभाषी माझ्याआधी कोणी झाला नसेल.

पण हात! त्या हातांपुढं मी अजून मनातल्या मनात नमस्कार करतो. सुखदेव म्हणून गावात एक विधुर होता. मूल नाही, बाळ नाही, घरात एक म्हैस. त्याच्या पायाला अशी जखम झाली होती की अकोल्याच्या डॉक्टरनं पाय कापायला सांगितलं होतं. मिससाहेबांनी सहा महिने रोज जमिनीवर गुडघे टेकून तो पाय स्वतः धुतला. मी लिंटच्या कापडाची पट्टी हातात देताना तोंड फिरवत असे. त्या फिरवत नसत. उलट हळू आवाजात त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणत. सुखदेव मला विचारायचा, “पायाले मंत्र घालून राह्यली काय?” मी म्हणायचा, “प्रार्थना करून राह्यल्या.” सहा महिन्यांनी तो त्याच पायावर नांगर धरून उभा राहिला.

दवाखाना उघडायच्या आधी अर्धा तास वचन, म्हणजे बायबलवाचन आणि उपदेश, अशी मिशनची रीत. वचन ऐका नाहीतर औषध नाही, असं मिससाहेब कधीच म्हणाल्या नाहीत. पण आधी वचनाला जो उपदेशक होता, तो घाटावरचा, तापट. तो तेरा वर्षं एकच करत आला. पडवीसमोर मारुतीचं देऊळ. त्याच्याकडं बोट करून अर्धा तास तो मारुतीचा उद्धार करायचा. लोक खाली मान घालून ऐकायचे, मग उठून रांगेत उभे राहायचे. एका म्हातारीनं मला समजावून सांगितलं होतं, “देवाले शिव्या बसल्याबिगर मड्डमबाईची दवा निंगत नाई. देवालेई मालूम हाय. तो नाई राग मानत.” तेरा वर्षांत एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. चौदाव्या वर्षी उपदेशकाला हिवतापानं असं धरलं की तो कायमचा घाटावर गेला.

मिससाहेबांचं मराठी कोणाला कळेना, उपदेशक गेला. उरलो कोण? मी.

“जोशी,” मिससाहेब म्हणाल्या, “आपण केवळ वाचावे. अर्थ परमेश्वर सांगेल.”

कर्म माझं! मी वडिलांना पत्र टाकलं. वाटलं, ताबडतोब परत ये म्हणतील. उलट टपाली कार्ड आलं, त्यावर चार ओळी. “पोटासाठी वाचत असशील तर वाच. पण पोथी कोणाचीही असो, हातात धरली की समाप्तीपर्यंत सोडायची नाही. मधलं गाळायचं नाही. आणि श्रोत्यानं कितीही विचारलं तरी पुढचं आधी सांगायचं नाही.”

मी लूकचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलातली येशूची कथा, पहिल्या पानापासून धरलं आणि वडील पोथी वाचतात त्या ठेक्यात वाचायला लागलो. रोज थोडं. अडलं की थांबायचं, घोट पाणी प्यायचं, मग पुढं. आठ दिवसांत पडवी भरली. ज्यांना काही झालं नव्हतं तेसुद्धा येऊ लागले. बाया वाती वळत बसायच्या. पंधराव्या दिवशी पुस्तकासमोर नारळ आला. मिससाहेबांनी तो उचलून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन आले. त्या रोज उचलायच्या, गाव रोज ठेवायचं. दोन्हीकडं चिकाटी सारखीच.

आणि मग गावानं आपापसात ठरवून टाकलं की वाचनाशिवाय दवा लागू पडत नाही. एकदा एकाला विंचू चावला. तो बोंबलत आला. मिससाहेब औषधाची बाटली घेऊन धावल्या, तर हा पठ्ठ्या पाय मागं ओढतो! “आधी वाच ना बाप्पा माराज, मंग लावा!” मी पुस्तक उघडलं. नेमकी वंशावळ आली होती. अमक्याचा पुत्र तमका, तमक्याचा पुत्र फलाणा. वडिलांची ताकीद, मधलं गाळायचं नाही. मी वाचतोय, तो केकाटतोय, केकाटता केकाटता प्रत्येक नावाला मान डोलावतोय, आणि मिससाहेब बाटली हातात घेऊन माझ्याकडं अशा बघतायत की मला वाटलं, विंचू मलाच चावावा. शेवटी आदमापर्यंत पोचलो, तेव्हा त्यानं पाय पुढं केला. “हं. आता लावा.”

“पुढं काय झालं?” हे तर रोजचंच. वादळात नाव हेलकावे खातेय, “मंग? बुडाली?” मी पुस्तक मिटायचा. “उद्या.” मला त्यात मजा यायची, खोटं कशाला बोलू.

वर्षभर असं छान चाललं होतं. मग अमरावतीच्या मोठ्या पाद्रीसाहेबांचं पत्र आलं. चौदा वर्षांत चिंचखेडला एकही फळ धरलं नाही. पोळा झाल्यावर ते स्वतः येणार. तोवर बाप्तिस्म्याला एकजण तरी उभा नसेल, तर दवाखाना बंद होईल आणि औषधं दुसरीकडं जातील. मिससाहेबांनी पत्र मला वाचून दाखवलं, घडी केली आणि त्या ड्रेसिंगच्या खोलीत गेल्या.

मला राहवलं नाही. मी ते आबाजी पाटलांना सांगितलं. ही माझी चूक. म्हणजे, त्या वेळी चूक वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मारुतीच्या पारावर गाव जमलं. मलाही बोलावलं. पाटलांचा मुद्दा अगदी सरळ होता.

“गावाले कुंभार हाय, न्हावी हाय, गुरव हाय. किरिस्ताव नाई, म्हून दवाखाना जाऊन राह्यला. मंग ठेवू एक किरिस्ताव! त्यात काय एवढं?”

सगळ्यांना पटलं. गावगाड्यात एक जागा रिकामी आहे, ती भरायची. खळ्यावर इतरांना वाटा देतो तसा त्यालाही देऊ, तेही ठरलं. प्रश्न एवढाच की कोण.

“ज्याच्या पोरीचं लगन अडन नाई, असा पाहा.”

“त्याचे बैल पोळ्याले तोरनाखाली उभे राह्यतीन काय?”

“राह्यतीन ना बावा. बैल थोडीच किरिस्ताव होते!”

“तं मंग पाळीनं करू,” एकजण म्हणाला. “या साली हा, पुढच्या साली तो. एकावरच काहून भार?”

आता मात्र मला बोलावं लागलं. “अहो पाटील, ते पाळीनं होत नाही. एकदा बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं की जन्माचं असतं.”

पाटलांनी तंबाखू थुंकली. “जलमभर? हे जरा जास्तीच झालं बाप्पा.”

तेवढ्यात मागून सुखदेव उठला. “मी होतो.”

“काहून बे, सुखदेवा? इचार कर.”

“पाय तिचाच हाय,” सुखदेव म्हणाला. “पायासंगं बाकीचाई जाऊ द्या.”

त्या दिवशी गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला. उपाध्यायाचा मुलगा मी, गावाला ख्रिस्ती मिळाला म्हणून मारुतीसमोर हात जोडून आलो. हसा खुशाल.

सुखदेव स्नान करून, धुतलं धोतर नेसून मिससाहेबांसमोर उभा राहिला. म्हणाला, “मड्डमबाई, मले पानी द्या.” त्यांनी ग्लास पुढं केला. मी समजावलं, ते पाणी नव्हे. ग्लास त्यांच्या हातातच राहिला. चौदा वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलंय. मग त्यांनी स्टूल ओढलं, त्याला बसवलं आणि विचारलं, “सुखदेव, आपणांस बाप्तिस्मा का हवा आहे?”

“गावानं पाठवलं.”

मी खोकलो. सुखदेवानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“आणि आपली स्वतःची इच्छा?”

“माही कायची इच्छा? दवाखाना राह्यला पाह्यजे.”

“प्रभूवर आपला विश्वास आहे काय?”

सुखदेवानं बराच विचार केला. “अजून पोथी पुरी कुठं झाली, बाई? पुरी आयकल्याबिगर कसं सांगू? खोटं कायले बोलू तुमच्यापाशी?”

मिससाहेब उठल्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आपण खरे बोललात. गावासाठी हे नको. आपणांस स्वतःस पाहिजे होईल तेव्हा यावे. मी जेथे असेन तेथे यावे.”

तो गेल्यावर मी त्यांच्याशी चक्क भांडलो. पहिल्यांदाच. म्हटलं, “अहो, माणूस स्वतः पाणी मागतोय! दोन थेंब टाका. आत काय आहे ते तुमचा देव बघून घेईल. इथं लोक तापानं मरतील त्याचं काय?”

“जोशी,” त्या म्हणाल्या, “कुनैन संपले असता बाटलीत रंगीत पाणी भरून आपण त्यास औषध म्हणाल काय?”

खरं सांगायचं तर आम्ही कंपाउंडर लोक अधूनमधून तेही करतो. रोग्याचं मन राहतं. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी ते न सांगता पुड्या बांधायला बसलो. आपल्या हातानं आपलाच दवाखाना बुडवत होत्या त्या, आणि तेही कोणासाठी, तर ज्या देवानं चौदा वर्षांत एक माणूस दिला नाही त्याच्यासाठी! मला संताप आला होता. आजही थोडा येतो.

पोळा झाला. त्या साली पाऊस लवकर उघडला, म्हणून वाट सुकलेली होती. मोठे पाद्रीसाहेब आले. पाटलांनी पोळ्याचंच तोरण उतरवून दवाखान्याच्या दाराला बांधलं होतं. पडवी, अंगण, पार, सगळं माणसांनी भरलेलं. पाद्रीसाहेब खूश झाले. त्यांनी विचारलं, इथं येशूला कोण मानतो? सगळ्या गावानं हात वर केले. साहेब चष्मा पुसायला लागले. पाटील पुढं झाले. “सायेब, आमी सगळेच मानतो. यालेई मानतो, मारोतीलेई मानतो. आमच्यात भांडन नाई.” साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

मग त्यांनी मिससाहेबांना विचारलं, बाप्तिस्म्यासाठी कोणी आहे का? सुखदेव नवं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन अगदी समोर उभा होता. न जाणो, बाईचं मन फिरलं तर. मिससाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

“नाही. एकही नाही.”

आठ दिवसांत गाड्या आल्या. शेवटच्या सकाळीही मी वाचन केलं. येशूला टेकडीवर नेलं, खिळे ठोकले, दिवसा अंधार पडला, खडकात कोरलेल्या थडग्यात ठेवलं. बायांनी पदर तोंडाला लावले होते. वातीवाली म्हातारी पुढं सरकली. “मंग? मेला?”

बाहेर गाडीवान ओरडत होता. बैल जुंपलेले, औषधांच्या पेट्या चढलेल्या. राहिली होती ती दोन-अडीच पानं. पण जिभेला सवय. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, “उद्या.”

गाडी शिवारापलीकडं गेली तेव्हा ध्यानात आलं की आपण काय बोललो.

मिससाहेबांना आणि मला अकोल्याच्या मिशनच्या मोठ्या दवाखान्यात घेतलं. तिथं वाचायला पगारी माणूस होता, माझं पुस्तक पेटीत गेलं. पुढच्या पावसाळ्यात हिवताप जोरात होता. चिंचखेडला काय झालं ते मी कोणाला विचारलं नाही. विचारायची छातीच झाली नाही.

पाऊस सरल्यावर एक दिवस दुपारी मी पुड्या बांधत बसलो होतो. खिडकीत एक डोकं आलं. “माराज, वळखलं काय?”

सुखदेव! गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काठी. अठरा कोस चालत आला होता. मी आधी त्याचा पाय पाहिला. पाय ठणठणीत.

“काय रे, काय झालं? तब्येत?”

“तब्येतीले काय हाय! पोथी अर्धी राह्यली ना, माराज. अर्धी पोथी ठेवत नसतात. लय पाप लागते. त्या म्हातारीनं तं तापात बी हेच धरलं होतं, मंग काय झालं, मंग काय झालं. इचारता इचारताच गेली.”

मी हातातली पुडी तशीच टाकली. पेटीतून पुस्तक काढलं. रोग्यांच्या बाकावर त्याला बसवलं आणि राहिलेली अडीच पानं वाचली. वडिलांच्याच ठेक्यात, मधे न थांबता. मिससाहेब कधी दारात येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. सुखदेव मांडीवर हात ठेवून ऐकत होता. दगड लोटलेला, थडगं रिकामं, आणि मग तो पुन्हा जिवंत होऊन वाटेनं चालतोय, भाकर मोडतोय. सुखदेवानं एकदाही “मंग?” म्हटलं नाही. समाप्ती झाली. तो काठी टेकून उठला. मग वळून मिससाहेबांना म्हणाला, “आता देता काय पानी?”

त्यांनी पुन्हा तेच विचारलं. “गावाने पाठविले काय?”

“गावाले कुठं मालूम हाय? दवाखान्याले कुलूप. आता गावाले किरिस्ताव कायले पाह्यजे? कुलूप लागलं तवाच पाटील म्हनले, राहू दे आता, तुवं काम नाई.” तो थांबला. “मले पाह्यजे. तुमी म्हनलं होतं, पाह्यजे असन तवा ये.”

अकोल्याचे पाद्री आले, दुसऱ्या दिवशी सकाळी मिशनच्या मंदिरात बाप्तिस्मा झाला. मिससाहेब पूर्ण वेळ रडत होत्या. दवाखाना गेला त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. वडिलांना त्या रात्री कार्ड लिहिलं. “समाप्ती झाली” एवढंच.

बाप्तिस्मा होऊन तासही झाला नव्हता, तर सुखदेव काठी घेऊन निघाला. मी म्हटलं, “अरे बावा, दोन दिवस थांब. पायाला विसावा दे. म्हशीला शेजारी बघतीलच की.”

“म्हशीचं नाई, माराज,” तो पागोटं बांधत म्हणाला. “गाव बसून राह्यलं हाय. तिकडं तो अजून मेलेलाच हाय ना!”